जुनी गाडी, मोहावेचं वाळवंट आणि पाण्याचा हिशेब

नीडल्स ते बारस्टो हा कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटातून जाणाऱ्या जुन्या रूट 66 चा सुमारे अडीचशे किलोमीटरचा पट्टा. शिकागो ते लॉस एंजेलिस हा महामार्ग 1926 साली ठरला, 1938 पर्यंत सगळा पक्का झाला. महायुद्ध संपल्यावर पोराबाळांना मागच्या सीटवर कोंबून पश्चिमेला निघालेल्या कुटुंबांना सगळ्यात जास्त धास्ती असायची ती याच पट्ट्याची. 1973 साली शेजारून आय-40 हा नवा महामार्ग गेला आणि ॲम्बॉय, एसेक्स ही गावं एका रात्रीत ओस पडली. जुना रस्ता मात्र बराचसा शाबूत आहे.

1949 ते 1956 च्या दरम्यानची सेडान घेऊन, घरच्या मंडळींसह हा पट्टा पार करायचा असेल तर काय तयारी लागते ते इथे दिलं आहे. उदाहरणाला सहा सिलिंडरची 1950 ची शेव्हर्ले धरली आहे. भारतात फियाट 1100 किंवा अँबेसिडर सांभाळणाऱ्यांनाही इंजिनाचा भाग जसाच्या तसा लागू पडेल. घाटात उकळणारी गाडी आणि वाळवंटात उकळणारी गाडी यांचं दुखणं एकच.

पहिला सल्ला: नोव्हेंबर ते मार्चमध्ये जा. नीडल्सला जुलैत दुपारचं सरासरी तापमान 42-43 अंशांच्या घरात असतं. तेव्हाची कुटुंबं उन्हाळ्यात जायची कारण शाळांना सुट्टी तेव्हाच असायची, मौज म्हणून नव्हे. तरीही उन्हाळ्यातच जायचं असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

रेडिएटर: निघण्यापूर्वी महिनाभर

गाडी वाळवंटात बिघडत नाही, आधीच बिघडलेली असते. वाळवंट ते फक्त उघडकीला आणतं. सत्तर वर्षांत रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसलेला असतो. गावात तेवढं चालून जातं, चढावर चालत नाही.

इंजिन चांगलं तापवा, बंद करा, पंख्यापासून हात सांभाळून रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवा. वरून खाली गरमपणा हळूहळू कमी व्हायला हवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. थोडं बुजलं असेल तर उलट्या दिशेने पाणी सोडून धुवा: दोन्ही होज (रबरी नळ्या) काढायचे, खालच्या तोंडातून पाणी आत सोडायचं, वरच्या तोंडातून गंजाचा लाल गाळ येईनासा होईपर्यंत. इंजिन ब्लॉक वेगळा धुवायचा आणि तेव्हा थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) काढून ठेवायचा. एवढं करूनही गार पट्टे राहिले तर रेडिएटर उघडून आतून साफ करणारा कारागीर गाठा, पैसे वाचवू नका.

थर्मोस्टॅट बाहेर आलाच आहे तर तपासून घ्या. पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने लटकवा (बुडाला टेकू देऊ नका), शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळण्याआधी पूर्ण उघडली पाहिजे. पुष्कळ जण 82 अंशांचा काढून 71 चा बसवतात आणि निर्धास्त होतात. त्याने गाडी तापायची थांबत नाही, फक्त तापायला सुरुवात थोडी खालून होते. थर्मोस्टॅट अजिबात न बसवणं तर त्याहून वाईट खोड.

खालच्या होजमध्ये आतून तारेची स्प्रिंग असते. नवा होज टाकताना मिस्त्री ती फेकून देतो, मग वेगात पाण्याच्या पंपाच्या ओढीने होज चपटा होतो आणि पाणी फिरायचं थांबतं. उभ्या गाडीत हे दिसतच नाही. होज दाबून बघा, आत तार लागली पाहिजे.

रेडिएटरच्या झाकणाचं गणित साधं आहे. एक पौंड दाब वाढला की उकळणबिंदू दीड-पावणेदोन अंशांनी वर जातो. 7 पौंडांचं झाकण असेल तर साधं पाणी 111-112 अंशांपर्यंत दम धरतं. पण म्हणून 4 पौंडांसाठी बनलेल्या रेडिएटरवर हल्लीचं 15 पौंडांचं झाकण लावू नका. जुने सांधे डाखलेले असतात, ते उसवतात. सांधे टिकलेच तर हीटरची जाळी फुटते आणि उकळतं पाणी पुढच्या माणसाच्या पायांवर येतं.

शेव्हर्लेच्या या इंजिनात सुमारे 14 लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात निम्मं-निम्मं अँटीफ्रीझ घालू नका, उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. 70-80 टक्के डिस्टिल्ड पाणी आणि बाकी अँटीफ्रीझ पुरे, त्यातलं गंजरोधक मिळतंच. त्या काळी लोक उन्हाळ्यात साधं पाणी आणि गंज रोखणारं औषध घालायचे. मग वाटेत मिळेल ते खारं पाणी ओतायचे आणि पुढच्या वर्षी रेडिएटर बदलायचे.

नवख्यांना हमखास फसवणारी एक गोष्ट. या गाड्यांना उतू आलेलं पाणी साठवायची बाटली नसते. काठोकाठ भरलेला रेडिएटर गरम झाला की जादा पाणी नळीतून रस्त्यावर सांडतो आणि पातळी तोंडाखाली तीन-चार सेंटिमीटरवर थांबते. ती गळती नाही, ते पाणी फुगण्याचं माप आहे. दर थांब्याला काठापर्यंत भरणारा माणूस दर थांब्याला तेवढंच पाणी सांडून येतो.

राहिलेली किरकोळ कामं: फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबावा, आणि एक नवा बेल्ट डिकीत असावा. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं असेल तर रेडिएटर कितीही चांगला असला तरी इंजिन तापणारच, ते टायमिंग लाइट लावून बघून घ्या. ऑइल बाथ एअर क्लीनरची (इंजिनात जाणारी हवा ऑइलने गाळणाऱ्या भांड्याची) वाटी धुऊन खुणेपर्यंत ताजं ऑइल भरा. जीप किंवा ट्रॅक्टर सांभाळलेल्यांना हे सांगायला नको.

पेट्रोल उडतं तेव्हा

मोहावेत गाडी बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे व्हेपर लॉक. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलचा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतला दाब कमी होतो, वरून इंजिनाची धग, त्यामुळे पेट्रोल नळीतच उकळून वाफ होतं. पंप वाफ ओढत बसतो, कार्ब्युरेटर कोरडा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे आणखी लवकर होतं.

याची खूण अशी: दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी केली, परत सुरू केली, थोडं अंतर गेली आणि आचके देत मेली. पण उभ्या गाडीत आणखी एक प्रकार होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडतं, तेव्हा इंजिन उपाशी नसतं, त्याला अजीर्ण झालेलं असतं. दोन्हींचे उपाय उलटे, म्हणून आधी बॉनेट उघडून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपिंग करू नका, चोक लावू नका, आणि स्टार्टर फिरवा. वास नसेल तर पंपावर आणि नळीवर ओलं फडकं गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यावर गार पाणी एकदम ओतू नका, तडकते.

पेट्रोलच्या नळीला कपड्यांचे लाकडी चिमटे लावायचा तोडगा त्या काळात फार चालायचा, अजूनही काही हौशी लावतात. त्याचा खरा उपयोग एवढाच की चिमटे लावून होईपर्यंत इंजिन निवतं. पक्का इलाज म्हणजे टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप, कारण ढकललेलं पेट्रोल ओढलेल्यापेक्षा उशिरा उकळतं. घेताना व्होल्टेज बघा. शेव्हर्ले 1955 ला 12 व्होल्टवर गेली, त्याआधीच्या गाड्या 6 व्होल्टच्या. आणि अपघात झाला तर पंप आपोआप बंद करणारा स्विच जोडल्याशिवाय तो बसवू नका.

छागल आणि खिडकीचा कूलर

1950 च्या आसपासच्या वाळवंटातल्या फोटोंमध्ये गाड्यांच्या पुढे कॅनव्हासची पिशवी लोंबताना दिसते. आपल्याकडे जुन्या ट्रकना, जीपना लटकणारी छागल, तीच ही. तत्त्व माठाचं: कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं पाणी गार होतं.

नवी पिशवी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. धागे फुगले की धार थांबते आणि नुसता घाम येत राहतो. पहिली दोन पाणी टाकून द्या, त्यांना कापडाची चव असते. लटकवायची ती बंपरच्या कडेला किंवा आरशाच्या दांड्याला. रेडिएटरच्या तोंडासमोर टांगली तर तेवढी हवा अडते. फोटोत ती नेमकी तिथेच दिसते, पण म्हणून ते बरोबर होतं असं नाही. पिशवीतलं पाणी वाटेत कमी होणारच, तेव्हा ते साठ्यात धरू नका. साठा कॅनमध्ये वेगळा.

दुसरी वस्तू म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या माणसाच्या खिडकीवर अडकवायचा नळकांड्यासारखा कूलर. गाडी पळायला लागली की त्याच्या तोंडातून हवा आत शिरते, ओल्या लाकडी भुशाच्या गादीतून जाते आणि गार होऊन माणसाला लागते. गादी सुकली की दोरी ओढायची, ती पाण्यात फिरून परत भिजते. विदर्भातल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही, वाळ्याची ताटी आठवली की झालं.

43 अंश तापमान आणि 10 टक्के दमटपणा असेल तर ओल्या कापडाचं तापमान जेमतेम 20-21 अंशांपर्यंत उतरतं. कूलर तिथवर पोचत नाही, पण तिशीच्या खाली येणारी हवासुद्धा त्या उन्हात मोठा आधार असतो. कूलरच्या विरुद्ध बाजूची मागची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर आत आलेली हवा कोंडते आणि दहा मिनिटांत मुंबईत कूलर लावल्यासारखी चिकचिक होते. गाडी थांबली की कूलरही थांबला. दोरी जोरात ओढली तर शेजारच्याच्या मांडीवर पाणी. आणि उजवीकडचं अर्धं दृश्य तो झाकतो, तेव्हा त्या बाजूला आरसा लावून घ्या.

टायर

त्या काळचे टायर ट्यूबचे. शेव्हर्लेला 6.70-15 मापाचे, हवा 24 पौंड, आणि ती पहाटे थंड टायरमध्ये मोजायची. उन्हात दाब तीन-चार पौंडांनी चढतो. तो चढला म्हणून हवा सोडू नका, कमी हवेचा टायर जास्त लवचतो, जास्त तापतो आणि फुटतो. स्टेपनी दोन घ्या. जॅकखाली घालायला फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी हवीच. बंपर जॅक वाळूत गाडी उचलत नाही, स्वतःच रुततो.

पहाटेचं वेळापत्रक

नीडल्सची उंची जेमतेम 150 मीटर. तिथून रस्ता चढत सुमारे 840 मीटरच्या खिंडीत जातो, मग एसेक्सवरून उतरत ॲम्बॉयच्या खोलगट भागात 200 मीटरच्याही खाली येतो, आणि परत लडलोकडे 540 मीटरपर्यंत चढतो. म्हणजे सपाट वाळवंट समजून निघालेल्याला दोन लांब चढ लागतात. चढ डोळ्यांना दिसत नाहीत, तापमानाच्या काट्याला दिसतात.

म्हणून आदल्या दिवशी नीडल्सला मुक्काम, पहाटे साडेचारला कूच. 6 व्होल्टचे दिवे मिणमिणते असतात, उजाडेपर्यंत ताशी 60 किलोमीटरच्या पुढे जाऊ नका. आठच्या आत लडलो, दहाच्या आत बारस्टो. पेट्रोल नीडल्सलाच पूर्ण भरा, 60 लिटरची टाकी आणि लिटरला सहा-सात किलोमीटर, सहज पुरतं. पुढचा भरवशाचा पंप लडलोला. ॲम्बॉयच्या पंपावर विसंबून राहू नका, आणि तिथल्या जमिनीतल्या पाण्यावर तर नाहीच. बाजूचं कोरडं तळं मिठाचं आहे.

निघण्यापूर्वी सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या सूचना बघा. जुन्या रस्त्यावरचे लाकडी पूल अचानक आलेल्या पुरांनी खचले आहेत आणि काही टप्पे बंद असतात, तिथे आय-40 वरून वळसा घ्यावा लागतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये दूर डोंगरात पाऊस पडतो आणि कोरड्या ओढ्याला इथे ऊन असताना पाणी येतं. रस्ता जिथे ओढ्यात उतरतो तिथे सावली मिळाली तरी गाडी लावू नका.

ॲरिझोनातून ओटमनमार्गे येणार असाल तर सिटग्रीव्ज खिंड (सुमारे 1,080 मीटर) लागते. नागमोडी घाट, 40 फुटांपेक्षा लांब वाहनाला बंदी. पूर्वी फोर्ड मॉडेल टी वाले हा घाट उलट्या गिअरमध्ये, गाडी मागे चालवत चढायचे. त्या गाडीत पेट्रोल टाकीतून नुसत्या उताराने इंजिनात यायचं आणि रिव्हर्स गिअर सगळ्यात ताकदीचा होता. तुमच्या गाडीला चढापेक्षा उतार जड जाईल. ड्रम ब्रेक तापून बसतात, म्हणून माथ्यावरच दुसरा गिअर टाका आणि खालपर्यंत काढू नका.

काटा वर चढला तर

आधी वेग कमी करा आणि गिअर खालचा टाका. हीटर पूर्ण चालू करा, खिडक्या उघडा. उन्हात हे ऐकून घरचे वेड्यात काढतील, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. मागून वारा असेल तर चढावर जाळीतून हवा जातच नाही, अशा वेळी बाजूला घेऊन गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. पाण्याचा पंप थांबला की ब्लॉकमधली धग पाण्यात उतरते आणि न उकळलेली गाडी उकळते. जरा वाढवलेल्या आयडलवर दोन-तीन मिनिटं चालू द्या. वाफेचा फवाराच सुरू झाला असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र तत्काळ बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. नंतर जाड फडकं घेऊन पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा. इंजिन सुरू करून पाणी बारीक धारेने ओता, तापल्या ब्लॉकवर गार पाणी भसकन पडलं तर लोखंडाला चीर जाते. ती चीर रस्त्यावर कुणी बुजवून देत नाही.

घरची मंडळी

पिण्यासाठी माणशी किमान 4 लिटर, शिवाय एका मुक्कामाचं जादा. गाडीसाठी वेगळं 20 लिटर. चार माणसांना मिळून 50-55 लिटर होतं, तेवढं वजन डिकीत धरूनच बाकी सामान कमी करा. तहान लागायची वाट न बघता पोरांना दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट द्या. त्या काळी मिठाच्या गोळ्या चघळायला द्यायचे, ते करू नका. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट, एवढं पुरतं. पोर चिडचिड करायचं थांबून एकदम गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, ओकलं, तर सावली, ओलं कापड आणि सरळ आय-40 वरून दवाखाना.

लिंबं बरोबर घेऊ नका, सरबताचा पाक करून न्या. कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर फळांची तपासणी तेव्हाही होती, आजही आहे, आणि संत्री-लिंबं काढून घेतली जाऊ शकतात. खायला दशम्या आणि कोरडी चटणी उत्तम. बर्फ नेणार असाल तर लादी न्या, चुरा दुपारपर्यंत राहत नाही. रेक्झिनच्या सीटवर टॉवेल अंथरा, उघड्या मांडीला भाजतं.

या गाड्यांना सीटचे पट्टे नसतात. फ्लोअरला बोल्ट करून कमरेचे पट्टे बसवता येतात, ते बसवा. पण आठ वर्षांखालच्या मुलाला कॅलिफोर्नियात बालआसन लागतं, आणि ते नीट बसत नसेल तर लहानग्यांना मागून येणाऱ्या नव्या गाडीत बसवा. दुसरी गाडी असू द्याच. मोबाइलला इथे लांबच लांब रेंज नसते.

त्या काळी सगळ्याच कुटुंबांना हा रस्ता सारखा नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंबाला कित्येक मोटेलांत खोली नाकारली जायची, म्हणून जागा देणाऱ्या ठिकाणांची यादी असलेली ग्रीन बुक ही पुस्तिका 1936 पासून तीस वर्षं निघत होती. पहाटे निघून दिवसा मुक्काम करायचा सल्ला ज्याला खोली मिळते त्यालाच पाळता यायचा. बाकीच्यांच्या डिकीत पाणी आणि शिधा जास्त असायचा, तो यामुळे.

पोरांसाठी एक खेळ. शेजारून जाणाऱ्या रेल्वेच्या स्टेशनांना इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने नावं दिली आहेत: ॲम्बॉय, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. पश्चिमेला जाताना हा क्रम उलटा येतो. बी कुठे गेला ते त्यांना नकाशात शोधू द्या, तासभर शांतता मिळते.

गाडी खरंच बंद पडली तर तिला सोडून चालत जाऊ नका. बॉनेट उघडं ठेवा, सगळी दारं उघडा, गाडीच्या सावलीत बसा, पण बुडाखाली सीट किंवा घडी घातलेली चादर घ्या, जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते.

बारस्टोला पोचल्यावर दोन मिनिटं आयडल, मग बंद. पाण्याची पातळी तासाभराने, इंजिन निवल्यावर बघा. छागल रिकामी करून उलटी टांगा, ओली गुंडाळून डिकीत ठेवली तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि परतीच्या वाटेवर त्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही.